गाडीचे दुखणे ओळखताना

गाडीत बिघाड झाला की कोणता भाग गेला असेल याचा अंदाज बांधायला आपण लगेच सुरुवात करतो, आणि या घाईपायी पुष्कळदा चांगले भाग बदलले जातात. मूळ बिघाड मात्र जागच्या जागी राहतो. माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत हे घडले आहे. सकाळी गाडी चालू होईना म्हणून मी नवी बॅटरी बसवून घेतली. आठ दिवसांनी पुन्हा तेच झाले, तेव्हा नवी बॅटरीच सदोष असावी असे समजून तीही बदलून घेतली. तिसऱ्या वेळी स्वतः बॉनेट उघडून पाहिले, तेव्हा बॅटरीच्या ऋण टोकापासून गाडीच्या सांगाड्याला जाणारी जाड अर्थिंगची तार ज्या बोल्टने आवळलेली असते, तो बोल्ट सैल झालेला आणि त्याखालचा पत्रा गंजलेला आढळला. पॉलिश पेपरने पत्रा घासून बोल्ट आवळल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो आणि पुढे जे सांगणार आहे ते तिच्याच आधाराने सांगणार आहे : आधी लक्षण नेमक्या शब्दांत मांडावे, मग सोप्या आणि बिनखर्चाच्या तपासण्या संपवाव्यात, आणि त्यानंतरच एखादा भाग बदलण्याचा विचार करावा.

लक्षण मांडणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘गाडी आवाज करते’ एवढ्याने कोणालाच काही कळत नाही. ‘स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना पुढच्या चाकाकडून टकटक असा ठेक्यात आवाज येतो’ असे म्हटले, की चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याकडे बोट दाखवता येते. ‘वेग वाढेल तसा घुंई असा आवाज वाढतो, आणि लांब वळणावर एका बाजूला वळताना तो मोठा होतो, दुसऱ्या बाजूला वळताना बारीक होतो’ असे म्हटले, तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा लागतो. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर, हे पाहण्यासाठी गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटर हलकेच दाबावा. तोच आवाज उभ्या गाडीतही आला, तर तो इंजिनचा किंवा त्याच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या भागांचा असण्याची शक्यता मोठी. न आला, तर चाके, सस्पेन्शन किंवा गिअरबॉक्सकडे पाहावे. इंजिन थंड होते की गरम, रस्ता ओला होता की कोरडा, एसी चालू होता की बंद, या गोष्टी त्याच दिवशी लिहून ठेवाव्यात, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत आवाज नाहीसा झालेला असतो आणि आपल्याला नीट आठवतही नसते.

गाडी चालूच होत नाही

ही तक्रार सर्वांत जास्त वेळा कानावर येते, आणि तिच्यात तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. किल्ली फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर काहीच आवाज येत नाही, हे पहिले. टिकटिक किंवा एकच ‘टक्’ असा आवाज येतो पण इंजिन फिरत नाही, हे दुसरे. आणि सेल्फ नेहमीच्या जोराने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, हे तिसरे. या तिन्हींची कारणे इतकी निराळी आहेत की एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

काहीच आवाज येत नसेल, तर आधी डॅशबोर्डवरील दिवे पाहावेत. दिवे लागतच नसतील किंवा अगदी मंद लागत असतील, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची जोडणी सुटली आहे. दिवे लख्ख लागत असतील, तर बॅटरीवर खापर फोडण्याआधी ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा ‘पी’वर (पार्किंग) नीट बसला आहे का हे पाहावे आणि एकदा ‘एन’वर (न्यूट्रल) ठेवून प्रयत्न करावा, कारण दांडा योग्य जागी आहे हे सांगणारा स्विच कधीकधी नीट जुळत नाही. हाताने गिअर बदलायच्या बऱ्याच गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि पायाखालची चटई पुढे सरकून पेडलखाली अडकल्यामुळेही असे होऊ शकते. बटणाच्या गाडीत रिमोटमधला सेल संपला असेल, तर अनेक गाड्यांत रिमोट बटणाला किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागेला टेकवून धरला की गाडी त्याला ओळखते. किल्लीच फिरत नसेल, तर स्टिअरिंगचे कुलूप ताणात अडकलेले असते. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडे हलवत किल्ली फिरवावी, जोर लावून किल्ली मोडू नये.

भरभर टिकटिक आवाज येत असेल, तर स्टार्टरला, म्हणजे सेल्फच्या मोटरला, पुरेसा प्रवाह मिळत नाही असे समजावे. कारण बॅटरीत असेल किंवा तिच्यापासून स्टार्टरपर्यंतच्या वाटेत. दोन्हींचा निवाडा एक साधा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि प्रवाह मोजणारे छोटे उपकरण, करतो, आणि घरातल्या हत्यारांत तो असावा असे मी आग्रहाने सांगेन. गाडी काही तास बंद राहिल्यानंतर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सुमारे १२.६ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ व्होल्टच्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकड्याकडे पाहावे. तो ९.६ व्होल्टच्या बराच खाली कोसळला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची ताकद संपलेली आहे. आकडा फारसा कोसळत नाही आणि तरीही स्टार्टर जेमतेम फिरतो, असे असेल तर तारा तपासाव्यात : मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. निरोगी जोडणीत तिथे अगदी थोडे व्होल्ट दिसतात. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर अर्थिंगची वाट खराब आहे. ही एक तपासणी मला वेळीच माहीत असती, तर दोन बॅटऱ्यांचा खर्च वाचला असता.

टोकांवर पांढरट-निळसर थर साचला असेल, तर गाडी बंद करून आधी ऋण टोकाची तार सोडवावी आणि मग धन टोकाची. बसवताना आधी धन आणि शेवटी ऋण, असा उलटा क्रम ठेवावा. असे केल्याने पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने निघतो. मात्र हातमोजे घालावेत आणि डोळे जपावेत, कारण तो थर आम्लाचा असतो. एकच जोरकस ‘टक्’ येतो, दिवे मंद होत नाहीत आणि तारा ठीक आहेत, अशा वेळी मात्र संशय स्टार्टर मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडवर (मोटरला प्रवाह जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवर) घ्यावा.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून गाडी चालू करायची असेल, तर क्रम पाठच करून ठेवावा. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या हव्यात, गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात आणि दोन्ही बंद असाव्यात. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनवरील रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडत असण्याची शक्यता असते, म्हणूनच हे अंतर राखायचे. चांगली गाडी काही मिनिटे चालू ठेवून मग दुसरीला सेल्फ मारावा, आणि ती चालू झाल्यावर तारा नेमक्या उलट क्रमाने काढाव्यात. हायब्रिड किंवा विजेच्या गाडीच्या बाबतीत तिच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच करावे.

गाडी चालू झाल्यावर काम संपत नाही, कारण बॅटरी का उतरली हे अजून कळलेले नसते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट लावूनही आकडा १२च्या आसपासच रेंगाळत असेल, तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे जनित्र) किंवा त्याचा पट्टा तपासून घ्यावा. नवीन गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमीजास्त करतो, म्हणून एका क्षणाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. अल्टरनेटर ठीक आहे आणि तरीही दोन-तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते, असे असेल तर डिकीतला न विझणारा दिवा, कायम जोडून ठेवलेला कॅमेरा किंवा बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम प्रवाह खात असते. सगळे बंद झाल्यावर आणि संगणक निजल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह सामान्य समजला जातो. त्याहून बराच जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत कोणता काढल्यावर आकडा खाली येतो ते पाहावे.

तिसरे दुखणे, म्हणजे सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेटत नाही. टाकीत इंधन आहे याची आधी खात्री करावी, कारण काटा अडकलेला असू शकतो. डॅशबोर्डवर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. पेट्रोल गाडीत इग्निशन चालू केल्यावर मागच्या बाकाखालून बऱ्याचदा दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. हा इंधनपंपाचा आवाज असतो. तो नेहमी येत असेल आणि आज येत नसेल, तर त्याचा फ्यूज पाहावा. डिझेल गाडीत ग्लो प्लगचा (सिलिंडर आधी गरम करणाऱ्या प्लगचा) वेटोळ्यासारखा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा. कोणत्याही गाडीत एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावा, कारण स्टार्टर मोटर थोडाच वेळ चालण्यासाठी बनवलेली असते आणि ती लवकर तापते.

इंजिन तापते तेव्हा

इथे चालकाच्या हातात काही मिनिटेच असतात, आणि त्या मिनिटांत केलेल्या चुकीने साध्या रबरी नळीचा बिघाड सिलिंडर हेडच्या दुरुस्तीवर जाऊन पोहोचतो. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला की लगेच एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगाने चालू करावा. हीटर इंजिनच्याच कूलंटमधली (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातली) उष्णता घेत असल्याने तो छोट्या रेडिएटरसारखे काम करतो. केबिनमध्ये उकडेल, पण तेवढी उष्णता इंजिनातून कमी होईल. काटा लाल पट्टीत गेला, लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. ‘घरापर्यंत पोहोचू या’ हा विचार अजिबात करू नये.

रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण इंजिन गरम असताना कधीही उघडू नये. ही बंद व्यवस्था दाबाखाली चालते. बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १ बार जास्त दाब असेल, तर पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण उघडताच दाब एकदम नाहीसा होतो, त्या तापमानाच्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर व हातांवर येते. अर्धा तास तरी थांबावे, रेडिएटरची वरची जाड नळी हाताला कोमट लागेपर्यंत वाट पाहावी, आणि मगच जाड फडके ठेवून झाकण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात थंड पाणी ओतू नये. धातू असमान आकुंचन पावून त्याला तडा जाऊ शकतो.

गाडी कोणत्या परिस्थितीत तापली, हे कारण शोधताना फार उपयोगी पडते. गर्दीत, रेंगाळताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागताच काटा खाली येतो, असे असेल तर रेडिएटरचा पंखा चालत नसावा, कारण वेगात असताना समोरून येणारा वारा पंख्याचे काम करतो. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरू लागतो, त्यामुळे घरीच तपासता येते. फिरत नसेल, तर फ्यूज, रिले (पंख्याला प्रवाह जोडणारा स्विच) आणि मोटर या क्रमाने पाहावे. मात्र हात आणि कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत, कारण काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. याउलट, वेगात किंवा चढावर तापते आणि गर्दीत ठीक असते, तर रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी तुंबला आहे, कूलंट कमी आहे किंवा पाण्याचा पंप थकला आहे असे समजावे. दोन्ही ठिकाणी आणि चालू केल्यावर लवकरच तापत असेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्यावा. तो उघडा अडकला, तर उलट काटा नेहमीच्या जागी पोहोचतच नाही आणि हीटरमधून गरम हवा येत नाही. तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला, तर हायसे वाटून घेऊ नये. कूलंट इतके कमी झालेले असू शकते की सेन्सरला द्रवाचा स्पर्शच होत नाही.

जमिनीवर थेंब पडत नाही आणि तरीही कूलंट कमी होत जाते, ही गोष्ट गंभीरपणे घ्यावी. इंजिन गरम झाल्यावरही एग्झॉस्टमधून दाट पांढरा धूर येत राहतो, टाकीत बुडबुडे येतात, किंवा डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसते, यांपैकी काही दिसले तर हेड गॅसकेट (इंजिनचा ठोकळा आणि सिलिंडर हेड यांच्यामधला सीलचा पत्रा) फुटल्याची शक्यता असते आणि गाडी चालवत न नेता टो करून न्यावी. फक्त जवळजवळ फिरणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली थंडीत ओलाव्याने थोडा पिवळट फेस जमतो; तेवढ्यावरून घाबरून जायचे कारण नाही.

कूलंटची जात रंगावरून ठरवू नये, कारण रंग उत्पादकाच्या मर्जीचा असतो. पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहावा. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हे सर्वसाधारण प्रमाण आहे. अडचणीत नुसते पाणी घालून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, पण ते तसेच राहू दिले तर आतून गंज धरतो. बऱ्याच कूलंटमध्ये असणारे इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असते, म्हणून सांडलेले कूलंट लगेच पुसावे आणि डबा मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा.

डॅशबोर्डवरचे दिवे

लाल दिवा थांबायला सांगतो आणि पिवळा लवकर लक्ष द्यायला सांगतो, हा नियम बहुतेक वेळा पुरेसा ठरतो. लाल दिव्यांत किटलीसारख्या चिन्हाचा ऑइलच्या दाबाचा दिवा सर्वांत तातडीचा. तो ऑइलची पातळी नव्हे, तर दाब सांगतो. दाब नसताना बेअरिंगांमधली ऑइलची पातळ फिल्म तुटते आणि धातू धातूवर घासू लागतो. तो लागताच, सुरक्षितपणे जमेल त्या पहिल्या जागी इंजिन बंद करावे आणि पातळी भरून तो विझल्याशिवाय पुढे जाऊ नये; पातळी ठीक असूनही तो लागला, तर टो करणे हाच उपाय.

पिवळा इंजिनचा दिवा स्थिर लागला आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाई करण्याचे कारण नसते. पेट्रोल गाडीत आधी टाकीचे झाकण नीट बसले आहे का ते पाहावे. काही गाड्यांत सैल झाकणामुळेही हा दिवा लागतो आणि झाकण लावल्यावर काही फेऱ्यांनंतर आपोआप विझतो. तोच दिवा लुकलुकू लागला आणि गाडी हिसके देऊ लागली, तर मिसफायर चालू आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही : न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या एग्झॉस्टमधल्या भागात) जाऊन तिथे जळते आणि तो महाग भाग वितळू शकतो. अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करून गाडी लवकरात लवकर थांबवावी.

स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला असलेल्या १६ पिनांच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने साठवलेला बिघाडाचा कोड आपल्यालाही वाचता येतो. फक्त कोड म्हणजे निदान नव्हे, हे विसरू नये. कोणते मोजमाप मर्यादेबाहेर गेले एवढेच तो सांगतो. ‘पी ०४२०’ हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी दिसते असे सांगतो, पण एग्झॉस्टमधली गळती किंवा थकलेला ऑक्सिजन सेन्सरही तो उमटवू शकतो. ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदलाव्यात, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता ‘पी ०३०२’ आला, तर बिघाड कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पुन्हा ‘पी ०३०१’ आला, तर स्पार्क प्लग किंवा इंजेक्टरकडे वळावे. एकही भाग विकत न घेता मिळालेले हे उत्तर आहे, आणि म्हणूनच ही तपासणी मला फार आवडते.

ब्रेक

रात्रभर दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या दोन-चार वेळा खरखरतात. डिस्कवर धरलेला पातळ गंज पुसला जातो आणि आवाज थांबतो. आवाज न थांबता चिरका येत राहिला, तर पॅड संपत आल्याची खूण समजावी, कारण अनेक पॅडमध्ये याचसाठी एक पातळ पत्री बसवलेली असते. पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की ते बदलावेत. धातू धातूवर घासल्याचा जाडसर आवाज येऊ लागला, तर डिस्कही खराब होऊ लागलेली असते.

पेडलचा स्पर्श आणखी बरेच काही सांगतो. ते स्पंजासारखे दबत असेल, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा शिरली आहे. ते दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) खराब आहे किंवा कुठेतरी गळती आहे, आणि ती गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवू नये. ते एकाएकी दगडासारखे घट्ट झाले असेल, तर बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) तपासावा : इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करावे, दाबून धरावे आणि इंजिन चालू करावे, बूस्टर ठीक असेल तर पेडल थोडे खाली जाते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ या प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या अवस्थेतला किमान १५५ अंश. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले, तर जुने ऑइल उकळून वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल तळाला जाते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावे आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या आधाराने उतरावे. ऑइलची पातळी कमी दिसली तर नुसती भरून टाकू नये. पॅड झिजले की पातळी खाली जातेच, आणि पॅड शाबूत असतील तर गळती शोधायला हवी.

टायर

टायरची झीज वाचता येते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा सतत कमी राहिली, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त राहिली, एकच कड झिजली असेल तर व्हील अलाइनमेंट बिघडले, आणि ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर थकले. हवा टायर थंड असताना मोजावी आणि चालकाच्या दाराच्या खांबावरील किंवा पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे भरावी. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. ठरावीक वेगाला, बहुधा ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या आसपास, स्टिअरिंग थरथरत असेल, तर व्हील बॅलन्सिंग करून घ्यावे. फक्त ब्रेक लावल्यावर थरथरत असेल, तर डिस्कची जाडी असमान झालेली असते आणि बॅलन्सिंगने काही साधत नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी दोन्हीकडची हवा सारखी आहे का ते पाहावे. टायरच्या भिंतीवरील ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. भिंतीवर फुगवटा आला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात आणि नक्षी कितीही शाबूत असली तरी तो टायर वापरू नये.

स्टेपनी बसवताना नट जॅक लावण्याआधीच थोडे सैल करावेत, कारण उचललेले चाक नटांबरोबर फिरते आणि जोर लावताना गाडी जॅकवरून घसरू शकते. बसवल्यावर नट एकाआड एक, समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून पाहावेत. गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये.

थोडक्यात सांगण्याजोगे

एसी वापरल्यावर गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी हे हवेतल्या बाष्पाचे असते, त्याची काळजी नको. गळणारा द्रव ओळखायचा असेल, तर रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी डागाची जागा आणि रंग दोन्ही मिळतात. एग्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळते आहे, काळा येत असेल तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा बसवावा. १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरचा बसवला, तर बिघाडाच्या वेळी फ्यूज शाबूत राहून तार जळेल. काचेवर आतून धुके धरले तर एसी लावावा, कारण तो हवेतला ओलावा काढून घेतो. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरले गेले, तर इग्निशनसुद्धा चालू करू नये आणि टाकी रिकामी करून घ्यावी.

देखभाल आणि गॅरेज

इंजिन ऑइल सपाट जागेवर, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, डिपस्टिक एकदा पुसून दुसऱ्या वेळी वाचावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरणेही इंजिनाला अपायकारक असते. डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’मधला ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी आहे : पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा गरम इंजिनात ते किती दाट राहते ते. पुस्तिकेतील प्रतीपेक्षा दाट ऑइल घालून इंजिन जास्त टिकते, हा समज चुकीचा आहे. फक्त जवळच्या फेऱ्या, धूळ आणि सततची गर्दी यांत चालणारी गाडी पुस्तिकेच्या दृष्टीने ‘कठीण वापरा’त मोडते आणि तिचे ऑइल व एअर फिल्टर लवकर बदलावे लागतात.

टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असलेल्या गाडीत तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा, हे आजच पाहून ठेवावे, कारण तो तुटण्याआधी क्वचितच इशारा देतो आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. वापरलेली गाडी घेतली असेल आणि बेल्ट बदलल्याची नोंद मिळत नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

गॅरेजमध्ये गेल्यावर ‘स्टार्टर बदला’ असे सांगण्याऐवजी लक्षण सांगावे, आपण घेतलेले आकडे द्यावेत, आणि शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून आवाज ऐकवावा. भाग बदलायचा ठरला, तर तो खराब आहे हे कोणत्या तपासणीवरून कळले, असे नम्रपणे विचारावे. चांगला मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, उलट उत्साहाने दाखवतो. काढलेला जुना भाग पाहण्यासाठी मागून घ्यावा. दुरुस्तीनंतर पैसे देण्याआधी, ज्या परिस्थितीत लक्षण दिसत होते त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी : सकाळी थंड इंजिनावर सेल्फ लागत नसेल, तर गाडी रात्रभर गॅरेजमध्येच ठेवून सकाळी स्वतः जाऊन सेल्फ मारावा.